‘सी’ला आयएनजी लागत नाही

मार्च लागला की करी रोडच्या आमच्या इमारतीत वेगळीच शांतता येते. एरवी बावीस मजल्यांवरून बावीस तऱ्हेच्या मालिका ऐकू येत असतात, त्या बंद होतात. लिफ्टमध्ये भेटणारी मुलं ओळख दाखवत नाहीत, नुसते ओठ हलवत उभी असतात. परवा सातव्या मजल्यावरची नववीतली मुलगी डोळे मिटून पुटपुटत होती, "गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन." अकराव्या मजल्यापर्यंत आली तरी तिचं लक्ष नव्हतं, आपला सातवा कधीच गेला हे तिला कळलंही नाही. मी म्हटलं, "अगं, तुझा मजला गेला." ती म्हणाली, "सॉरी आजोबा," आणि पुन्हा डोळे मिटले. मी मात्र घरात येऊन पाणी प्यायलो. त्या तीन अक्षरी इंग्रजी क्रियापदाने गेल्या वर्षी याच दिवसांत माझी जी दाणादाण उडवली, तिच्यातून मी अजून सावरलेलो नाही.

मी परळच्या एका मराठी शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो. माझे वडील गिरणीत, साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. इंग्रजीतली सही करायला मीच त्यांना शिकवलं, आणि ती सही ते शेवटपर्यंत चित्र काढल्यासारखी काढायचे. अशा घरातून आलेला माणूस इंग्रजी शिकतो ते नियमांच्या आधाराने. जिन्याचा कठडा धरून चढतात तसं. वर पोचल्यावर कठडा सोडायचा असतो, हे कोणी सांगत नाही. मी तो तेहतीस वर्षं धरून ठेवला, आणि वर्गातल्या प्रत्येकाचा हात त्याच्यावर ठेवला.

त्यात ‘सी’ माझं लाडकं. सी म्हणजे पाहणे, इतकं साधं; पण पोरांनी त्याचे जे हाल केले ते पाहवत नसत. कोणी भूतकाळ ‘सीड’ करी. कोणी ‘सॉ’ म्हणजे करवत असं कोशात पाहून ‘मी काल माझ्या मामाला पाहिलं’ या वाक्यात मामाला उभा कापून काढी. मी मोठ्याने म्हणायचो, "सी, सॉ..." आणि मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "काय सीन आहे सर?" या सगळ्यावर माझा एक नियम होता आणि तो मी फळ्यावर चौकटीत लिहायचो: पाहणे, ऐकणे, जाणणे, प्रेम करणे या क्रियापदांना आयएनजी लागत नाही. ती चालू काळात जात नाहीत. "का जात नाहीत?" मी विचारायचो आणि मीच उत्तर द्यायचो, "कारण प्रेम चालू आहे, असं नसतं. प्रेम असतं, नाहीतर नसतं." नववीतल्या पोरी खाली मान घालून हसायच्या. मला वाटायचं, व्याकरण आवडलं.

नियमाला अपवाद होता. क्रमिक पुस्तकात तळाला बारीक टायपात छापलेला. परीक्षेला येत नाही म्हणून मी तो कधी शिकवला नाही.

गेल्या वर्षी निवृत्तीला दोन महिने उरले होते. आयुष्यातले शेवटचे पेपर म्हणून मी ते लग्नाच्या आमंत्रणपत्रिका लिहाव्यात तसे जपून तपासत होतो. रविवारची दुपार, साधारण चारची वेळ. माझी बायको शुभदा आत चहा करत होती. गॅलरीत टेबल, त्यावर गठ्ठा, हातात लाल पेन. समोरच्या पेपरात कोणीतरी लिहिलं होतं, ‘आय ॲम सीइंग अ काऊ सिन्स मॉर्निंग’. सकाळपासून गाय बघतोय! माझं रक्त तापलेलंच होतं.

तेवढ्यात केतकी आली. ही आमची एकुलती एक मुलगी. अठ्ठावीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. स्वतः मात्र कोणापुढे फारशी वाकत नाही. त्या दिवशी ती टेबलाशी उभी राहून माझ्या पेनचं टोपण काढघाल करत होती.

"बाबा, थोडं बोलायचंय."

"हं."

"आय ॲम सीइंग समवन."

मी मान वर केली नाही. माझ्यासमोर गाय होती, आणि गायीच्या मागोमाग माझ्याच घरात, माझ्याच मुलीच्या तोंडी तीच चूक. मी म्हणालो, "साफ चूक आहे हे. असं चालत नाही. किती वर्षं सांगतोय मी."

टोपण नीट पेनाच्या शेजारी ठेवून ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. मी गायीवर अर्धा मार्क कापला.

आपल्याकडे अवघड गोष्टी इंग्रजीत सांगायची पद्धत आहे. कोणाला मोठं दुखणं झालं की त्याचं नाव इंग्रजीत घेतात. घटस्फोट म्हणवत नाही, डिव्होर्स म्हणवतं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं मराठीत म्हणणारा माणूस नाटकातला वाटतो. तेव्हा केतकीने इंग्रजीचा आडोसा घेतला यात तिचं काही चुकलं नव्हतं. तो आडोसा ज्याच्या पोटापाण्याचा धंदा होता, त्याच्यापुढे घेतला, एवढंच.

पुढचे पंधरा दिवस घरात काहीतरी बिनसलंय हे मला जाणवत होतं, पण काय ते कळत नव्हतं. केतकी माझ्याशी बातम्यांतल्या मराठीत बोलू लागली. "बाबा, आपण जेवून घ्यावं. मला उशीर होईल." आमटी आळणी होत होती. शुभदा माझ्यासमोर ताट ठेवायची ते थोडं आवाज करून. एकदा मी विचारलं, "काय झालंय?" तर म्हणाली, "काय व्हायचंय! तुमचा शब्द म्हणजे शेवटचा." मला बरं वाटलं. निवृत्तीच्या तोंडावर घरात मान वाढतोय, अशी मी समजूत करून घेतली.

सोळाव्या दिवशी सकाळी तिने भाजी निवडता निवडता सुरी खाली ठेवली.

"अहो, पण निदान मुलगा कोण, काय करतो, एवढं तरी विचारायचं. आधीच चूक आहे, चालत नाही! पोरगी दोन दिवस रडत होती."

"कुठला मुलगा?"

"ती ज्याला बघतेय तो."

"ती मुलगा बघतेय? आपण असताना ती कशाला बघतेय? माझ्या ओळखीत..."

"अहो!" शुभदा कपाळाला हात लावून म्हणाली, "बघतेय म्हणजे शोधत नाहीये. चार वर्षं झाली. बघून झालंय सगळं."

मी खुर्चीत बसलो. खरं म्हणजे बसलेलोच होतो, अजून खाली गेलो. मग हळूहळू म्हणालो, "मी क्रियापदाबद्दल बोलत होतो."

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिने मला अनेक तऱ्हांनी पाहिलं आहे, ही तऱ्हा नवीन होती. मग तिने सुरी उचलली आणि फरसबी अशी कापली की मी उठून कोश काढायला गेलो.

माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात. मी जाडा कोश उघडला. ‘सी’. पहिला अर्थ डोळ्यांनी पाहणे. मग समजणे: आपण ‘आय सी’ म्हणतो ते. मग भेटणे: डॉक्टरला सी करतात. पोचवायला जाणे: स्टेशनवर सी ऑफ करतात. काळजी घेणे: अमुक नीट होतंय ना ते सी. आणि मग, बराच खाली, एखाद्या व्यक्तीशी प्रेमाने, नेमाने भेटत असणे. या अर्थी आयएनजी चालते. चालते! तेहतीस वर्षं हे वाक्य या कपाटात, माझ्या डोक्यापासून दोन हातांवर उभं होतं. खाली आणखी एक सी होता, बिशपच्या गादीचा. आशेने वाचला, तर त्याचा पाहण्याशी संबंधच नाही, तो बसण्यावरून आला आहे. म्हणजे माझ्यासारखाच.

शब्दाचं मूळ दिलं होतं. कोशकार अशा ठिकाणी जपून बोलतात, पोलिसात जबाब दिल्यासारखे. पण त्यांचा अंदाज असा की पाहण्याचा हा शब्द फार जुन्या एका धातूपासून आला असावा, आणि त्या धातूचा अर्थ बहुधा मागोमाग जाणे, सोबत चालणे. पाहणे म्हणजे डोळ्यांनी कोणाच्या तरी पाठोपाठ जाणे. संस्कृतातला सच् हा त्याच घरातला मानतात. त्यावरून सचिव, म्हणजे सोबत असणारा. मंत्रालयातल्या सचिवांनी हे मनावर घेतलं तर बरं होईल, पण ते असो. मी बराच वेळ बोट त्या ओळीवर ठेवून बसलो. माझी मुलगी चार वर्षं कोणाच्या तरी सोबत चालत होती. ती ते मला सांगायला आली होती, आणि मी गाय तपासत होतो.

मराठीचं याबाबतीत बरं आहे की वाईट, मला सांगता येत नाही. आपला ‘बघणे’ फार राबतो. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघतो’ म्हणजेही नाहीच, फक्त पुरुषी. ‘बघून घेईन’ ही धमकी, ‘बघा बुवा’ म्हणजे माझ्यावर ढकलू नका. रस्त्यात भांडण लागलं की जमतात ते बघे. आणि मुलगी बघणे, मुलगा बघणे यात तर डोळ्यांचं काम सगळ्यात कमी. मी शुभदाला बघायला गेलो होतो तेव्हा वीस मिनिटं पोह्यांच्या बशीकडे पाहत होतो. शेंगदाणे चौदा होते. तिच्या साडीचा रंग मला आजही सांगता येत नाही, आणि हा विषय घरात निघू नये अशी माझी इच्छा असते.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता मुलाला बघायला गेलो. नाव मंदार, राहायला घोडपदेव, सकाळी एका शाळेत चित्रकला शिकवतो, आणि दुपारी लालबागला गणपतीच्या कारखान्यात असतो, एवढं शुभदाने तुटक तुटक सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, मन थोडं खट्टू झालं होतं. गिरणीतून मास्तरकीपर्यंत माझ्या वडिलांनी आणि मी मिळून एक पायरी चढलो होतो; पुढची पायरी काचेच्या ऑफिसात, लॅपटॉपवर असावी, असं मी न बोलता ठरवलं होतं. रंगाच्या डब्यांत परत उतरायचं मनात नव्हतं.

एप्रिलमध्ये गणपती कसले, असं वाटेल. पण अमेरिकेला जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, त्यांना तेव्हाच निघावं लागतं. ताडपत्रीखाली कारखाना होता. ओल्या शाडूचा आणि रंगाचा वास, उकाडा प्रचंड, आणि धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. फळ्यांवर ओळीने मूर्ती. सोंड झालेली, पितांबर झालेलं, दागिने झालेले, आणि डोळ्यांच्या जागी कोरं पांढरं. चाळीस गणपती, आणि मी आलेला एकालाही दिसत नव्हता.

कोपऱ्यात एक तरुण माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. हातात केसाएवढा ब्रश. मी खाकरलो.

"बसा," तो मागे न बघता म्हणाला, "डोळा चालू आहे."

मी एका उपड्या डब्यावर बसलो. आयुष्यभर मी वर्गात शिरलो की लोक उठून उभे राहिले. इथे मीच बसलो आणि गप्प राहिलो. तो श्वास धरायचा, एक रेघ ओढायचा, श्वास सोडायचा. याला आखणी म्हणतात, हे मला माहीत होतं; लालबागमध्ये वाढलेल्या कोणालाही माहीत असतं. पण आखणी होताना मी कधी पाहिली नव्हती. पाऊण तास गेला. माझा शर्ट अंगाला चिकटला. मग त्याने ब्रश पाण्यात टाकला, मान वळवली, आणि स्टूल, ब्रश, पाणी यांसह उभा राहिला.

"सर!"

"तू मला ओळखतोस?"

"नववी ब, सर. खिडकीकडचा शेवटचा बाक."

मी आठवून पाहिलं. शेवटच्या बाकावरचे खूप जण आठवले, हा आठवेना.

"तुम्हाला नाही आठवणार," तो घाईघाईने म्हणाला, जणू माझीच अडचण त्याला सोडवायची होती. "मी गप्प असायचो. वहीच्या समासात डोळे काढायचो. तुम्ही एकदा सगळ्या डोळ्यांवर लाल फुली मारली होती."

मी विचारलं, "सगळ्यांवर?"

"एक राहिला होता सर. मागच्या पानावर."

मग तोच पुढे म्हणाला, "केतकीने सांगितलं, तुम्ही चूक म्हणालात. मी तिला म्हटलं, सर चूक म्हणाले म्हणजे असेल काहीतरी. पण पूर्ण पेपर बघितल्याशिवाय ते कोणाला नापास करत नाहीत."

"अरे, मी क्रियापदाबद्दल बोलत होतो," मी म्हणालो. दोन दिवसांत हे वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना ते पहिल्यापेक्षा मूर्खपणाचं वाटलं. "सी ला आयएनजी लागत नाही, म्हणून."

त्याला ते समजायला एक क्षण लागला. मग त्याने आधी ओल्या मूर्तीपासून चार पावलं लांब जाऊन घेतलं, आणि तिथे पोट धरून हसला. लांब जाऊन हसला, ते मला आवडलं. आपलं हसू कामाला लागू नये, याची त्याला काळजी होती.

तेवढ्यात त्याची आई चहाचा थर्मास घेऊन आली. घोडपदेवहून रोज याच वेळेला येते म्हणे. बारीक चणीची बाई; मी कोण ते कळल्यावर पदर सावरून म्हणाली, "सर, ह्याका बोलूक जमना नाय. पण हात बरो आसा." मुलाची इतकी नेमकी शिफारस मी पालकसभेत कधी ऐकली नव्हती. माझ्या आईनेही माझ्याबद्दल काही सांगितलं असतं तर ते याच बोलीत, इतकंच सांगितलं असतं. पायरीबियरीचा माझा हिशेब तिथेच कुठेतरी गळून पडला. चहा गोड होता, फार गोड.

"दुसरा डोळा बाकी आहे," मंदार म्हणाला, "वाळायच्या आत जोडी जमवावी लागते. बसता का?"

मी बसलो. विचारलं, "दोन्ही सारखे येतात कसे रे?"

"सारखे काढून चालत नाही सर. दोन्हींनी एकाच ठिकाणी बघायला पाहिजे. मी मूर्तीकडे नाही बघत. ती कुठे बघणार, तिथे बघतो."

संध्याकाळी केतकी कामावरून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. शुभदा स्वयंपाकघरात होती, म्हणजे आमचा शब्दन् शब्द ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"मी मंदारला बघून आलो," मी म्हणालो.

तिने पर्स खांद्यावरून काढली नाही. "बघून आलात, की बघून घेतलंत?"

"बघून आलो. पाऊण तास त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

"डोळा चालू असेल."

"हो."

ती किंचित हसली, पण पर्स अजून खांद्यावरच. मला कळलं, इथे विनोदाने भागणार नाही. तेहतीस वर्षं मी इतरांच्या चुका दाखवल्या. स्वतःची दाखवायला योग्य शब्द इंग्रजीत एक होता आणि तो फार सोपा होता. मी तो घेतला नाही.

"केतकी, माझं चुकलं. तू एवढं मोठं सांगायला आलीस आणि मी ऐकलंच नाही."

"ऐकलं की. उत्तर पण दिलंत."

"नाही. मी नुसतं तपासलं."

तिने पर्स खाली ठेवली. डोळे पुसले, माझ्याच सदऱ्याच्या बाहीला. मग नाक ओढत म्हणाली, "बाबा, आणि ते सीइंग बरोबर आहे हं. मी बघितलं."

"मीही बघितलं. बारीक टायपात आहे."

आतून शुभदा ओरडली, "झालं असेल तर जेवायला या. आज मीठ आहे."

पुढचे महिने हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांत गेले. गादीवर बसलेला माणूस साठ साड्या उलगडून "बघायला काय जातंय ताई" म्हणतो आणि शुभदा साठही बघून "बघू" म्हणून उठते. त्या बघूचा अर्थ त्यालाही माहीत असतो, तरी तो एकसष्टावी काढतो. मी कडेला बसून पिशव्या सांभाळत होतो. एका जांभळ्या साडीसमोर शुभदा थबकली आणि म्हणाली, "अशीच होती." मी विचारलं, "कुठली?" मग लक्षात आलं, आणि ती साडी आम्ही घेतली.

लग्न डिसेंबरात, दादरच्या एका कार्यालयात झालं. चार वर्षं रोज एकमेकांना भेटणारी ही दोघं अंतरपाटाच्या दोन बाजूंना अगदी अनोळखी असल्यासारखी गंभीर उभी होती. मंगलाष्टकं शुभदाच्या मावशीने स्वतः रचली होती आणि स्वतःच गात होती; तिसऱ्या कडव्यात दोन्ही घराण्यांचा इतिहास सुरू झाला, पाचव्यापर्यंत आम्ही कोकणातच होतो. भटजी घड्याळाकडे आणि मावशी भटजींकडे बघत होती. अक्षता लोकांच्या मुठीत घामाने भिजल्या. केतकीच्या मागे तिचा मामा, त्याच्या मागे मी. मला तिच्या अंबाड्याखेरीज काही दिसत नव्हतं. पुढे येऊन बघावं असं वाटलं, पण तिथे व्हिडिओवाल्याने मला आधीच दोनदा हटकलं होतं.

अखेर मुहूर्त आला, ताशा वाजला, अंतरपाट खाली गेला. केतकीचा चेहरा मला तेव्हाही दिसला नाही. मंदारचा दिसला. तो तिच्याकडे बघत होता, हातातला हार विसरून, तोंड जरा उघडं टाकून. त्या तोंडाकडे बघून मला कळलं, माझी मुलगी आज कशी दिसत असेल ते.